वायंगणी ते भोगवे किनाऱ्याने पायी, रात्री पतंग : कोल्हापूरहून कोण कोण येणार?

निशाचर

मंडळी, यंदा हिवाळ्यात वेंगुर्ल्याकडे उतरायचा बेत आहे. वायंगणीच्या वाळूवरून सुरुवात करायची, मग कोंडुरा, खवणे, निवती करत समुद्र डाव्या हाताला ठेवून भोगव्यापर्यंत चालत जायचं. मुक्काम तंबूत. यात नवीन काही नाही, कोल्हापुरातली निम्मी पोरं कधी ना कधी हे करून आलेली असतात. माझा डोळा पतंगांवर, म्हणजे मॉथवर आहे. दिवसा चालायचं, रात्री पांढरी चादर टांगून तिच्यावर दिवा लावायचा आणि उजेडाला येणारे मॉथ बघत बसायचं.

पतंगांसाठी आंबोली सोडून समुद्रावर कशाला, असं कोणीतरी विचारणारच, म्हणून आधीच सांगतो. आंबोलीत पावसाळ्यात एखाद्या टपरीच्या बल्बखाली उभं राहिलं तरी डोळे दिपतात, ते खरंच. पण तिथे कॅमेरेवाल्यांची जत्रा असते आणि तेच ते पतंग पुन्हा पुन्हा टिपले जातात. किनाऱ्याकडे कोणी बघतच नाही. वाळू, खारा वारा, झाडी विरळ, इथे काय मिळणार असा समज. पण पतंग उजेडाने नंतर सापडतो, आधी सापडतं त्याच्या अळीचं झाड. त्या हिशेबाने हा पट्टा बघा. वाळूवर मर्यादवेल, तिच्यामागे सुरूचं बन, त्यामागे उंडी, करंज, माड-पोफळीच्या वाड्या, कुंपणाला कण्हेर नि तगर, खाडीच्या काठाने तिवर, आणि दोन किनाऱ्यांच्या मधे जांभ्याचे उघडे सडे, म्हणजे खडकाळ पठारं. अर्ध्या तासाच्या चालीत झाडोरा एवढा बदलतो, तेवढा घाटात दिवसभर चाललं तरी बदलत नाही.

तारखेबद्दल. दिवाळी संपली की लगेच निघू असं सगळे म्हणतात, पण तेव्हा चंद्र वाढत असतो आणि त्रिपुरारी पौर्णिमेपर्यंत रात्री उजळत जातात. चांदण्यात चादरीवर गर्दी कमी होते. म्हणून पौर्णिमा उलटल्यावर चार-पाच दिवस जाऊ द्यायचे. तोवर चंद्र उशिरा उगवायला लागतो, सांजवेळेचा काळोख आपला. कार्तिकी अमावास्येच्या अलीकडचा शनिवार-रविवार मला सोयीचा वाटतो. कोल्हापुरात तोवर स्वेटर निघालेले असतात, खाली किनाऱ्यावर रात्र अजून उबदार असते. गारठ्यात पतंग फारसे उडत नाहीत, त्यामुळे हा मुद्दा छोटा नाही.

वाट कागल, निपाणी, आजरा, आंबोली, सावंतवाडी, वेंगुर्ला. स्वतःची गाडी नको, कारण चालून दुसऱ्याच टोकाला निघायचं आहे. एसटी बरी.

एक अट मात्र आत्ताच. वाळूवर दिवा लागणार नाही. का ते विचारलं तर सांगेन.

गंगावेस

एवढं लांब कशाला जायचं भावा? रंकाळ्यावर दिव्याखाली उभा राहा, भेळ खा, किडं बघ. इषय संपला.

बांधावरचा

गंगावेस, चेष्टा सोडा, पण तुमच्या बोलण्यात तथ्य आहे. आम्ही शिरोळकडचे. उसातल्या माणसाला प्रकाश सापळा नवीन नाही. वळवाचा पहिला पाऊस झाला की तिन्हीसांजेला हुमणीचे भुंगेरे जमिनीतून वर येतात आणि बाभळी-कडुनिंबावर बसतात. फांद्या हलवून गोळा करायचे आणि रॉकेलच्या पाण्यात टाकायचे, शिवाय बांधावर दिवा लावून खाली पाण्याचं घमेलं ठेवायचं. त्या घमेल्यात सकाळी भुंगेऱ्यांबरोबर जे काही सापडतं ते बघायला मी पोरांना घेऊन बसतो. खोडकिडीचा पतंग तर इतका साधा, वाळलेल्या पाचटाच्या रंगाचा, की एवढं नुकसान हाच करतो यावर विश्वास बसत नाही. आम्ही त्याच्यावर ट्रायकोग्रामाची कार्डं लावतो. ती बारीक गांधीलमाशी पतंगाच्याच अंड्यात आपली अंडी घालते.

तर माझा प्रश्न असा. आमच्या लेखी पतंग म्हणजे कीड. तुम्ही हौसेने बघायला निघालात. त्यात आमच्यासारख्याला काय मिळणार?

आणि दुसरा, पोराचा. दिव्यावर हे येतात तरी कशाला? चंद्र समजून येतात असं त्याला शाळेत सांगितलंय.

निशाचर

बांधावरचे दादा, भारतात पतंगांच्या नोंदवलेल्या जाती दहा हजारांच्या वर आहेत. शेतीला त्रास देणाऱ्या त्यातल्या मूठभर. बाकीचे रात्री फुलांवर जाऊन परागीभवन करतात, आणि त्यांच्या अळ्या नसत्या तर पिलांना भरवायला पाखरांना काय मिळालं असतं? तुम्ही आलात तर उलट आमचाच फायदा. पान कोणत्या बाजूने खाल्लंय, विष्ठा ताजी की जुनी, यावरून अळी शोधायची नजर शेतकऱ्याकडे असते, कॅमेरेवाल्याकडे नसते.

चंद्राचं म्हणाल तर बरीच वर्षं तसंच मानत होते. 2024 मध्ये एक संशोधन प्रसिद्ध झालं. अतिवेगवान कॅमेऱ्याने चित्रीकरण करून त्यांनी बघितलं की उडणारा किडा पाठ उजेडाकडे ठेवायला बघतो. रात्रीसुद्धा आकाश जमिनीपेक्षा उजळ असतं, म्हणून पाठ उजेडाकडे म्हणजे पोट जमिनीकडे, एवढं साधं गणित लाखो वर्षं चालून गेलं. मधेच आपला बल्ब आला. त्याच्या बाजूने जाताना किडा पाठ बल्बकडे वळवतो, वळला की रस्ता वाकतो, आणि घिरट्या सुरू. बल्बच्या बरोबर वर आला तर उलटा होऊन खाली पडतो. हे तुमच्या घमेल्यावर पोराला दाखवता येईल, फोनच्या स्लो मोशनमध्ये थोडंफार दिसतं.

म्हणजे चादरीवर आलेला पतंग खूश होऊन आलेला नसतो, अडकलेला असतो. खाणं, जोडी जमवणं, अंडी घालणं सगळं थांबतं. म्हणून रात्रभर दिवा जळता ठेवणाऱ्यांशी माझं जमत नाही. अंधार पडल्यापासून दोन-अडीच तास, मग बंद. मोठे पतंग मध्यरात्रीनंतर येतात हे मान्य, त्यासाठी हवं तर एका रात्री उशिरा तासभर लावू.

वेंगुर्ल्याची माई

वायंगणीक कासवां अंडी घालूक येतत, ह्या तुमका ठावक आसा मा? वाळयेर बल्ब लावश्यात तर मी सोता येवन स्विच बंद करतलंय. 😄

आता सगळ्यांना कळावं म्हणून पुस्तकी भाषेत लिहिते. ऑलिव्ह रिडले कासवांचा विणीचा हंगाम आमच्याकडे साधारण नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत. मादी रात्री वर येते, खड्डा करते, अंडी घालून बुजवते आणि परत जाते. किनाऱ्यावर उजेड दिसला तर वर न येताच फिरते. पिल्लं साधारण दीड-दोन महिन्यांनी निघतात आणि ज्या बाजूचं क्षितिज उजळ त्या बाजूला धावतात. अंधाऱ्या किनाऱ्यावर ती बाजू समुद्राची असते. मागे दिवा असला तर सुरूच्या बनात शिरतात आणि सकाळी कावळे, कुत्रे, उन्हं. आमच्या इथून थोड्या अंतरावर एका रिसॉर्टवाल्याने वाळूवर फोकस सोडले होते, तेव्हा गावातल्या पोरांनी जाऊन सांगून सांगून ते उतरवले.

तुमचा बेत नोव्हेंबरअखेरचा म्हणजे हंगाम नुकताच लागलेला. निशाचर यांची अट मला आवडली. बाकी येवा, आमच्या वाडीत जागा आहे.

ट्रेकर_कसबा_बावडा

माई, आदर आहे, पण एवढ्याशा बल्बने काय फरक पडणार? मासेमारीच्या होड्यांचे दिवे त्याहून मोठे असतात. आणि समुद्राच्या तोंडावर चादर लावली की फोटो काय भारी येतो, मागे लाटा...

वेंगुर्ल्याची माई

होडी समुद्रात असते बाबा. तिचा दिवा पिल्लाला पाण्याकडेच नेईल. तुझा बल्ब पिल्लाच्या पाठीमागे असेल.

निशाचर

आणि लाटा मागे असलेल्या चादरीवर येणार काय? रात्री वारा कुठून वाहतो बघ. दिवसा खारे वारे समुद्रावरून, रात्री जमीन लवकर थंडावली की मतलई वारे जमिनीवरून समुद्राकडे. उघड्या वाळूवर ती चादर शिडासारखी फुगते, बारीक पतंग टिकतच नाहीत. त्यांना झाडीचा आडोसा लागतो. सुरूच्या बनाच्या मागे, वाडीच्या आतल्या कुंपणाशी, चादरीचं तोंड जमिनीकडे करून लावली की समुद्राकडे उजेड जात नाही आणि पतंगही जास्त. कासवांसाठी आपण काही सोडतोय असं समजू नका, पतंगांसाठीसुद्धा जागा तीच बरोबर आहे.

वाळूवरून चालताना टॉर्चवर लाल जिलेटीन कागद. तोही गरजेपुरताच लावायचा, नाहीतर बंद. डोळे अंधाराला सरावले की वाळू चक्क दिसते.

मॅक्रोवेडी

मी येणार. आणि दिवसाचं कोणी बोलत नाहीये म्हणून लिहिते, कारण अर्धे पतंग तर मला दिवसाच भेटतात.

सड्यावर खुळखुळ्याची झुडपं असतात, त्याच्या वाळलेल्या शेंगा हलवल्या की वाजतात. तिथे गुडघ्यावर बसा. पायाने गवत हलवलं की एक पांढुरका बारीक पतंग उडून दोन हातांवर परत बसतो. तो युटेथिसा. जवळून बघितला की पांढऱ्या पंखांवर लाल नि काळे ठिपके, कोणी ब्रशच्या टोकाने मोजून ठेवल्यासारखे. हा भर उन्हात बिनधास्त फिरतो कारण अळीपणी खुळखुळ्यातलं विष खाऊन ते अंगात साठवतो. पक्षी एकदा चोच लावून शहाणे होतात. नर त्याच विषापासून तयार केलेला गंध मादीसाठी वापरतो, म्हणजे जहरही आणि अत्तरही.

माईंच्या वाडीत अनंताचं झाड असेल तर तिथे सकाळी थांबायचं. सेफोनोडिस नावाचा हॉक मॉथ येतो, पंख काचेसारखे आरपार, अंग हिरवट-पिवळं, गुणगुण भुंग्यासारखी. कोशातून निघतो तेव्हा त्याच्या पंखांवर खवले असतात, पहिल्या उड्डाणात ते झडून जातात. त्याची अळी अनंताचीच पानं खाते. फोटो काढायचा तर शटर स्पीड चढवा, हा फुलावर बसत नाही, हवेत तरंगत सोंड घालतो.

संध्याकाळी मर्यादवेलीच्या कुळातल्या कुठल्याही वेलीशी उभे राहा. ॲग्रियस येतो, करडा, पोटावर गुलाबी-काळे पट्टे, सोंड उलगडली तर अंगापेक्षा लांब. त्याच्या अळ्या रताळ्याच्या वेलावरसुद्धा असतात, त्यामुळे बांधावरचे दादा त्याला ओळखत असणार.

खाडीकाठी तिवराची पानं जाळी झालेली दिसली तर घाबरून फोटो टाकत सुटू नका. हायब्लिया प्युएरा हा सागाची पानं फस्त करणारा पतंग तिवरावरही धाड घालतो. झाड मरत नाही, पुन्हा पालवतं.

बांधावरचा

रताळ्याची ती शिंगवाली अळी होय! शेपटावर काटा असतो. आमच्याकडे पोरं लै भितात तिला, डसते म्हणून.

मॅक्रोवेडी

तीच. तो काटा मऊ असतो, काही करत नाही. हॉक मॉथच्या बहुतेक अळ्यांना असतो. भ्यायचं तर घोणस अळीला भ्या.

गंगावेस

2022 ला ती बातमी फिरत होती तीच ना? उसात घोणस अळी, चावली की माणूस आडवा. आमच्या आत्याने महिनाभर शेतात पाय टाकला नव्हता.

मॅक्रोवेडी

तीच. स्लग कॅटरपिलर. ती चावत नाही, अंगावरच्या काट्यांत विष असतं. लागलं की आग आग होते, बहुतेकांचं काही तासांत ओसरतं, पण अ‍ॅलर्जी असेल किंवा धाप लागली तर थेट दवाखाना. चोळायचं नाही. चिकटपट्टी लावून ओढायची, काटे निघून येतात, मग साबणाने धुऊन बर्फ. आंबा आणि माडावरही तिची भावंडं असतात, दिसायला हिरवी, अंगावर निळी रेघ. वाडीत तंबू लावताना पानांमागे एकदा नजर टाका.

दुसरं, चादरीवर पतंगांबरोबर एक सडपातळ, नारिंगी-काळा किडा येतो, मुंगीएवढा, पंख आखूड. पेडेरस. तो चावत नाही, पण मानेवर बसला म्हणून चिरडला की त्याच्या अंगातल्या रसाने दुसऱ्या दिवशी भाजल्यासारखा चट्टा उठतो. फुंकर मारून उडवा. चादरीशी उभं राहताना पूर्ण बाह्या, आणि कॉलर वर.

तंबूठोक

पतंगातलं मला कळत नाही, तंबूतलं कळतं. वाळूत खुंट्या धरत नाहीत. सिमेंटच्या पोत्याचे तुकडे किंवा कापडी पिशव्या न्या, त्यात वाळू भरायची, दोरी बांधायची, हातभर खोल आडवी पुरायची. लोखंडी खुंटीपेक्षा पक्की. सकाळी पिशवी परत घ्यायची, तिथेच सोडायची नाही.

भरतीची रेषा म्हणजे वाळलेला कचरा, शंख, फेस जिथे थांबलेला असतो ती. अमावास्येला उधाण असतं, पाणी त्याच्याही वर येतं. तुमची तारीख नेमकी तीच आहे. मी तर म्हणतो किनाऱ्यावर तंबूच नको, माईंच्या वाडीतच ठोकू. पुढच्या मुक्कामालाही आधी घरमालकाला नाहीतर ग्रामपंचायतीत विचारून. चालतानाही निवतीच्या अलीकडच्या खडकांवरची वाट भरतीला तुटते, तिथे सड्यावरून वळसा. भरती-ओहोटीचं कोष्टक काढून ठेवतो.

पाणी किती न्यायचं ते नंतर.

निशाचर

तंबूठोक, मान्य. सामान असं धरलंय. जुनी पांढरी चादर, नायलॉनची दोरी, वाडीत वीज मिळणार असेल तर मर्क्युरी व्हेपरचा बल्ब आणि लांब एक्स्टेन्शन, नाहीतर यूव्ही एलईडीची पट्टी आणि पॉवर बँक. यूव्ही टॉर्च एक असू द्या. जांभ्याच्या फटींवर मारली की विंचू हिरवे-निळे चमकतात, ते बघायला मिळेल आणि अंथरूण टाकायच्या आधी जागा तपासूनही होईल.

पण मला खरं आकर्षण आहे ते गोडाचं. उजेडावर न येणारे काही मोठे पतंग गोडावर येतात. आपला गूळ घ्यायचा, काळसर, रसायनाशिवायचा. त्यात सडायला आलेली केळी कुस्करायची आणि दोन दिवस झाकून आंबवायचं. माई, वाडीत माडी उतरवणारे कोणी असतील तर पेलाभर त्यात, म्हणजे वास लांबवर जाईल. सांजेला माणसाच्या छातीएवढ्या उंचीवर झाडांच्या खोडाला ब्रशने पट्टे मारायचे आणि तासातासाने लाल उजेडात बघत फिरायचं. दिव्यासारखं यात कोणी भरकटत नाही. येतात, पितात, जातात.

एरेबस असा येतो. तळहाताएवढा, पंखांवर घुबडासारखा डोळा, खोडावर बसला की साल आणि तो वेगळे काढता येत नाहीत. युडोसिमा आला तर मजाच. वरून वाळकं पान, पंख उचलला की खाली भगवा रंग. त्याच्या सोंडेचं टोक करवतीसारखं असतं, मोसंबी-संत्र्याची साल भोकसून रस पितो, त्यामुळे बागायतदार त्याला शिव्या घालतात. अळी मात्र गुळवेलीवर वाढते.

ट्रेकर_कसबा_बावडा

गूळ कोल्हापूरचा, माडी मालवणी, हे पतंग नशिबवान. मी येतो. लाटांचा फोटो दिवसा काढीन.

अ‍ॅटलस, तो भला मोठा पतंग, दिसेल का? तेवढं सांगा, घरी तेच सांगून निघणार आहे.

मॅक्रोवेडी

घरी खोटं सांगू नका. 😄 त्याचा हंगाम पावसाळ्याचा, नोव्हेंबरअखेर आशा धरू नये. वाटेत आंबोलीत चहाला थांबू तेव्हा झुडपांच्या फांद्यांना लटकलेले रिकामे कोश शोधू, पानात गुंडाळलेले, तपकिरी, चिवट. त्या पतंगाला खायला तोंडच नसतं. अळीपणी साठवलेल्या चरबीवर आठवडा-दीड आठवडा जगतो आणि तेवढ्यात जोडी शोधून अंडी घालून संपतो.

फुलेवाडीची_आई

माझा मुलगा आठ वर्षांचा आहे, किडेवेडा. आणला तर चालेल का? चालायला कंटाळणार नाही, पण रात्री जागेल की नाही माहीत नाही. आणि एक विचारायचं होतं. आमच्या दारात कण्हेर आहे, तिच्यावर आज बोटाएवढी हिरवी अळी दिसली, डोक्यामागे दोन निळे-पांढरे डोळे. सासूबाई म्हणतात फवारा. मुलगा रडतोय. काय करू?

वेंगुर्ल्याची माई

पोराला घेऊन या हो. आमचा नातू त्याच वयाचा आहे, दोघं मिळून रात्रभर जागवतील आम्हाला.

निशाचर

आणा की. चादर सातलाच लागते, नऊला झोपला तरी त्याचं सगळं बघून झालेलं असेल. सकाळी उठवा मात्र. चादरीवर राहिलेले पतंग उजाडायच्या आधी अलगद झाडीत हलवायचे असतात, नाहीतर दयाळ आणि बुलबुल रांगेत येऊन न्याहारी करतात. ते काम त्याला देऊ. नोंदी आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर टाकायच्या आहेत, सोबत झाडाचं नाव आणि जागा. तेही त्याला शिकवता येईल.

मॅक्रोवेडी

फुलेवाडी ताई, फवारू नका! तो डॅफ्निस नेरी, कण्हेरीचा हॉक मॉथ. ते डोळे खरे नाहीत, पाखरांना भिववायला आहेत. कण्हेर विषारी असते, हिला पचते. चार पानं खाईल, झाडाला काही होत नाही. हिरवी अळी एक दिवस अचानक तपकिरी व्हायला लागली की समजा खाणं संपलं. मग ती खाली उतरून पालापाचोळ्यात कोश करते. तेवढे दिवस कण्हेरीखाली झाडू नका, सासूबाईंना सांगा. पतंग निघेल तो हिरव्या संगमरवरासारखा असतो. मुलाला रोज एक फोटो काढायला लावा आणि इथे टाका.

तंबूठोक

पाण्याचं राहिलं होतं. माणशी चार लिटर घेऊन निघायचं, खवण्याला भरून घेऊ. सीबीएसवरून (कोल्हापूरच्या मध्यवर्ती बसस्थानकावरून) वेंगुर्ल्याची पहाटेची गाडी किती वाजता आहे ते उद्या जाऊन विचारतो आणि इथे लिहितो. येणाऱ्यांनी खाली नुसतं टोपणनाव टाका. तंबू दोन आहेत, तिसरा कोणाकडे आहे का?